फोटोवाल्याचे भांडवल

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे, आणि तोही तिचा एकटीचा नाही. मोठ्या आत्याच्या लग्नातला तो ग्रुप फोटो. दुसऱ्या ओळीत डाव्या टोकाला डोक्यावरून पदर घेतलेली आजी उभी आहे. कसर लागून कोपरा खाल्ला गेला आणि त्यात तिचा अर्धा चेहरा गेला. राहिलेला अर्धा पिवळा पडलेला आहे. फोटो ज्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आहे त्याच्या मागे नागपूरच्या महाल भागातल्या एका स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला एक क्रमांक आणि इंग्रजीत छापलेली एक ओळ आहे. काच जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील, असा तिचा अर्थ.

वीसेक वर्षांपूर्वी तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून मी त्या स्टुडिओचा शोध घेतला. दुकान जागेवर होते, पण तिथे आता झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालत होते. गल्ल्यावर मूळ मालकाचा नातू बसला होता. त्याने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, "काका, त्या काचा तं कधीच्याच गेल्या. बाबांनी फ्रेमवाल्याला देऊन टाकल्या. गरम पाण्यात सोडा टाकून धुतल्या की साफ होतात नं."

मी काही न बोलता परतलो, पण राग पुष्कळ दिवस राहिला. केव्हाही प्रत देण्याचे छापील वचन देणाऱ्याने माझी आजी गरम पाण्यात धुऊन टाकली, असे मला वाटत राहिले. या विषयाकडे मी वळलो तो त्या रागातून. माझे शिक्षण इतिहासाचे नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयांत बसलो, जुन्या बाजारातून फोटो गोळा केले, जुन्या फोटोवाल्यांशी बोललो. प्रश्न एकच होता: फोटोचा छोटा धंदा सुरू करायला आणि टिकवायला माणसाला काय लागत होते?

औंसभर रसायन आणि एक वर्ग

1839 मध्ये पॅरिसला दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात कॅमेऱ्याच्या जाहिराती झळकल्या. आपल्याकडे ही विद्या रुजली ती 1854 च्या ऑक्टोबरात स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीमुळे. सोसायटीत गोरे अधिकारी आणि व्यापारी होते, तसे डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजींचे फोटो सोसायटीच्या प्रदर्शनांत लागत. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर, हा मला योगायोग वाटत नाही. त्या काळात फोटो काढणे हे अर्धे रसायनशास्त्र होते, आणि रसायनांची ओळख असलेले एतद्देशीय लोक मुख्यतः वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत सापडत.

1855 च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यातून तयार झालेल्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. धंदा म्हणून फोटोग्राफी करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत त्यांची गणना होते. 'द पीपल ऑफ इंडिया' या सरकारी ग्रंथमालेतही त्यांचे फोटो आहेत. पुढे हे गृहस्थ बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे प्रतिनिधी म्हणून लंडनला गेले. तिथे 1874 मध्ये भगवद्गीतेवर इंग्रजी पुस्तक छापले. परतल्यावर मुंबईच्या आर्य समाजात पुढारपण केले आणि थिऑसॉफीवाल्यांशी पैशांच्या हिशेबावरून त्यांचा वादही झाला. इतक्या ठिकाणी हात घालणाऱ्या माणसाला स्टुडिओ पुरला नाही की स्टुडिओने त्यांना राजे-अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात नेले? मला दुसरी शक्यता जास्त पटते. फोटोवाल्यासमोर मोठा माणूसही निमूट बसतो आणि हनुवटी वर करा म्हटले की करतो. अशी ओळख दुसऱ्या धंद्यात होत नाही.

हा धंदा तेव्हा किती अवघड होता ते आज सांगूनही पटत नाही. 1851 मध्ये आर्चरने शोधलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. सगळे मिळून हाताशी दहा-पंधरा मिनिटे. कलोडियनमध्ये ईथर आणि अल्कोहोल असते. उन्हाळ्यात ते ओतता ओतता उडून जाते. मुंबईच्या दमट हवेत निदान थोडी सवड मिळे. नागपूरच्या मे महिन्यात ती किती मिळत असेल याची कल्पना इथे उन्हाळा काढलेल्या कोणालाही करता येईल.

नागपूरचे ऊन

1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे इथवर आली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. 1880 च्या दशकात हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजे निघाली. कचेरी, गिरणी, कॉलेज आणि रेल्वे या चौघांच्या आधाराने गावात फोटोचा धंदा उभा राहू शकत होता. रेल्वेतून काचा आणि रसायने येणार. कचेरीतला साहेब बदलून जाताना हार घालून ग्रुप फोटो होणार. कॉलेजातून दरवर्षी नवे विद्यार्थी बाहेर पडणार. रस्त्यावरून चालत येऊन फोटो काढणारा गिऱ्हाईक हा वरखर्चापुरता. दुकानाचे भाडे निघे ते अशा ठरलेल्या कामावर.

याच सुमारास मोठा बदल झाला. मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने 1871 मध्ये जिलेटिनची कोरडी काच सुचवली आणि दहा वर्षांत ती कारखान्यात तयार होऊन डब्यात मिळू लागली. फोटोवाल्याला आता रसायनशास्त्रज्ञ असण्याची गरज उरली नाही. डॉक्टरांच्या आणि जहागीरदारांच्या हातातली विद्या कारकुनाच्या, चित्रकाराच्या, सुताराच्या मुलाच्या आवाक्यात आली. छोटा स्टुडिओ नावाची गोष्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू होते.

पण जिलेटिनलाही नागपूर मानवेना. काच धुण्याचे द्रावण साधारण वीस अंशांचे असावे असे पुस्तके सांगत. इथे उन्हाळ्यात विहिरीचे पाणीसुद्धा त्याहून गरम. गरम पाण्यात जिलेटिन फुगते, काचेच्या कडेने त्याला झालर सुटते आणि फार झाले तर चेहऱ्यासकट ओघळून जाते. त्यावर उपाय होते: तुरटीचे पाणी, बर्फ आणि रात्र. मी ज्या वयस्क फोटोवाल्यांशी बोललो त्या सगळ्यांनी रात्रीच्या कामाचा उल्लेख केला. दिवसा फोटो काढायचे आणि रात्री दोननंतर, हवा जरा निवल्यावर, धुवायला बसायचे. आणि लग्नसराई नेमकी वैशाख-ज्येष्ठात! ज्या दोन महिन्यांत वर्षाची कमाई व्हायची, त्याच दोन महिन्यांत माल हातातून वितळायचा.

तीच गोष्ट पाण्याची. फोटो पक्का करायला हायपो वापरतात. तो कागदातून पूर्ण निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवावा लागतो. अर्धवट धुतलेला फोटो तेव्हा छान दिसतो, पण काही वर्षांनी पिवळा पडतो. माझ्या आत्याचे लग्न मे महिन्यातले. आजीच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा म्हणजे त्या उन्हाळ्यातली पाणीटंचाई असावी, असा माझा तर्क आहे. सिद्ध करता येणार नाही, पण जुने फोटो पाहताना मी आता कागदाच्या रंगावरून ऋतू ओळखायचा प्रयत्न करतो.

गोध्र्याचा स्टुडिओ

मराठी माणसाने फोटोचा धंदा काढला आणि तो बुडाला, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याला वेगळ्या नावाने माहीत आहे. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 1870, त्र्यंबकेश्वर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीरावांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 मध्ये काढलेली ही संस्था. गज्जरांनी त्यांना तिथला स्टुडिओ वापरू दिला, ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले. एवढी तयारी असलेला तरुण 1895 च्या सुमारास गोध्र्याला गेला आणि त्याने फोटोचे दुकान काढले.

गाव निवडण्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. मुंबईत मोठ्या कंपन्या होत्या. ज्या दीनदयाळांना निजामाने 'राजा' केले त्यांनीही 1896 मध्ये मुंबईत शाखा काढली. लहान गावात स्पर्धा नाही. पण लहान गावात काय होते? शतकाच्या अखेरीस प्लेग आला आणि त्यात फाळक्यांची पत्नी आणि मूल गेले. ते बडोद्याला परतले, तिथे पुन्हा धंदा मांडला, आणि तोही चालला नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, अशी अफवा गावात पसरली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

ही गोष्ट आपण नेहमी हसत सांगतो. भोळे लोक आणि पुढे गेलेला कलावंत. मीही व्याख्यानांत तशीच सांगत असे. आता सांगवत नाही. 1896 ला मुंबईत प्लेग उतरला, 1897 ला साथरोगाचा कायदा झाला. परके लोक घरात शिरून तपासणी करू लागले, माणसे उचलून नेऊ लागले. मुंबईच्या प्लेगचे, इस्पितळांतल्या रुग्णांचे आणि तपासणीचे फोटो त्याच काळात काढले गेले. शिवाय आपल्या घरांत भिंतीवर लावलेला फोटो बहुतेक गेलेल्या माणसाचा असतो आणि त्याला हार असतो. फोटो आणि मरण यांची सांगड लोकांनी अंधश्रद्धेतून घातली असे म्हणण्यापेक्षा डोळ्यांसमोर जे दिसले त्यातून घातली, असे म्हणणे मला जास्त न्याय्य वाटते. आणि अफवा नसती तरी प्लेगच्या वर्षांत नटूनथटून स्टुडिओत कोण जाणार होते?

धंदा बुडाल्यावर फाळक्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. लोणावळ्याला छापखाना काढला. 1912 मध्ये सिनेमाचे यंत्र आणायला विलायतेला जाण्यासाठी पैसे हवे होते, तेव्हा त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले यशवंत नाडकर्णी हे फोटोच्या सामानाचे व्यापारी. त्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून दाखवली. फिल्मच्या कडेला भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी केली. 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला.

या हकिकतीतून मला छोट्या स्टुडिओचे अर्थशास्त्र उमगले. भांडवल पुरवतो तो सामान विकणारा. काचा, कागद, रसायने उधारीवर मिळतात, गिऱ्हाईक मात्र फोटो पसंत पडल्यावर पैसे देतो. डार्करूममध्ये घरचीच माणसे राबतात आणि त्यांचा पगार कुठल्याच वहीत दिसत नाही. स्टुडिओच्या पाटीवर एकाच पुरुषाचे नाव असते. रात्री दोन वाजता पाण्यात हात घालून बसलेली बाई कुठल्याही पुठ्ठ्याच्या मागे छापलेली नाही.

ज्यांना हार चढला नाही

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथे गांधीजींचे पुतणनातू कनू गांधी यांना फोटो काढायचे होते. गांधीजींनी परवानगी दिली, अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचे नाही आणि खर्च आश्रम करणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून कॅमेरा आणि रोल आला. गांधीजींचे जे सहज, जवळचे फोटो आज जगभर छापले जातात ते या शंभर रुपयांतून निघाले. पहिल्या दोन अटींबद्दल खूप लिहिले जाते. मला तिसरी महत्त्वाची वाटते. रोल कोण घेऊन देणार, हा प्रश्न बापूंच्या दारातही चुकला नाही.

फोटोवाला इतिहास टिपायला बसत नाही. तो भाडे भरायला बसतो आणि इतिहास समोरून जातो. नारायण विनायक वीरकर या मराठी छायाचित्रकाराने 1919 मध्ये जालियनवाला बागेच्या भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या, म्हणून त्या आपल्याला दिसतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायासह धम्मदीक्षा घेतली. पांढऱ्या वस्त्रांतल्या त्या दिवसाचे फोटो किती घरांत बुद्धाच्या तसबिरीशेजारी लागले आहेत ते मोजता येणार नाही. दोनच महिन्यांनी बाबासाहेब गेले. जिथे देवाचे चित्र असायचे तिथे ज्यांनी हा फोटो लावला, त्यांच्यासाठी ती भिंतीवरची सजावट नव्हती. त्या फोटोच्या प्रतीवरून प्रत काढणारे, मोठा करून रंगवणारे, फ्रेम करून देणारे हातही छोट्या दुकानदारांचेच.

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरच्या कचेऱ्या उठल्या. निरोपाच्या ग्रुप फोटोंची ती शेवटची मोठी लाट असणार. पुढच्या वर्षी तेच साहेब आणि तेच कारकून गावात नव्हते.

नंतरची हकिकत वाचकांना ठाऊक आहे. बडोद्याच्या कारखान्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री मध्यमवर्गाच्या हाती आला, बारा फोटोंचा रोल स्टुडिओत धुवायला येऊ लागला. म्हणजे ज्या बडोद्यात फाळक्यांना गिऱ्हाईक मिळाले नव्हते, त्याच गावाने घराघरांत फोटोवाला तयार केला. उटकमंडच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद आला. रंगीत लॅब आल्या. 1993 पासून मतदार ओळखपत्रे सुरू झाली आणि पासपोर्ट आकाराच्या फोटोने अनेक दुकाने आणखी काही वर्षे जगवली. मग मोबाइल आला. प्रत्येक वेळी लोकांच्या हातात कॅमेरा गेला की फोटोवाला दुसऱ्या कामाकडे सरकला: धुण्याकडून छापण्याकडे, छापण्याकडून ओळखपत्राकडे, तिथून लॅमिनेशनकडे. झेरॉक्सच्या यंत्रामागे बसलेला तो नातू याच साखळीतला पुढचा दुवा होता.

काच

आता त्या काचांबद्दल. काचेचा निगेटिव्ह जड असतो, फुटतो, जागा खातो. वर्षाला काही शे काचा धरल्या तरी तीस वर्षांत एक खोली भरते, आणि महालातल्या खोलीला भाडे असते. जुन्या क्रमांकाची चिठ्ठी घेऊन माझ्यासारखा माणूस किती वर्षांनी एकदा येणार? दीनदयाळांच्या अडीच हजारांहून जास्त काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या म्हणून त्या सुरक्षित आहेत. त्या काचांवर राजे होते. माझ्या आजीची काच कुठली संस्था घेणार होती? धंदा बसला, उधारी थकली, तेव्हा दुकानात बाजारात किंमत असलेली एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे काच. तिच्यावरच्या चेहऱ्यांची किंमत कोणी देत नव्हते. फ्रेमवाला काचेची देत होता.

हे ध्यानात आले तेव्हा माझा राग संपला असे म्हणणार नाही, पण त्याचा पत्ता बदलला. प्रती केव्हाही मिळतील हे वचन एका दुकानदाराने आपल्या खर्चाने सगळ्या गावाला दिले होते. ते त्याने जमेल तेवढी वर्षे पाळले. त्यातला वाटा गावाने कधी उचलला नाही. आमच्या घराण्यानेही नाही. आजी गेल्यावर चाळीस वर्षांत तिच्या फोटोची आणखी एक प्रत करावी असे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते.

मागच्या वर्षी मी पुन्हा त्या गल्लीत गेलो. दुकान बंद होते. जवळच्या फ्रेमवाल्याकडे सहज डोकावलो. भिंतीवर जुन्या देवादिकांच्या तसबिरी टेकवून ठेवलेल्या होत्या. एका गणपतीच्या फ्रेमची काच मी उजेडाकडे तिरपी धरून पाहिली. स्वच्छ होती. दुकानदाराने विचारले, "काय पाहून राहिले, भाऊ?" मी म्हटले, काही नाही, काच कशी आहे ते. तो म्हणाला, "जुनी आहे. आता अशी पातळ येत नाही."

दिवाळीची साफसफाई सुरू असेल. माळ्यावरच्या पेटीतून फोटो निघतील. टाकून देण्याआधी ते उलटे करून पाहावेत. मागे स्टुडिओचे नाव आणि क्रमांक असेल तर कुठेतरी लिहून ठेवावा, आणि फोटोतल्या माणसांची नावे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागे लिहावीत. आमच्या फोटोमागे मी आजीचे नाव लिहिले आहे. शेजारी ज्या बाई उभ्या आहेत त्या कोण, हे सांगणारे आता घरात कोणी नाही.